जग वाचवणारा हिरो आणि गेमचा शेवट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात माझं छोटं गेमिंग सेंटर आहे. आठ कॉम्प्युटर, दोन कन्सोल आणि एक इन्व्हर्टर, जो नेमका बॉस फाइटच्या वेळी दगा देतो. शनिवारी रात्री शटर अर्धं ओढून आम्ही कुठल्या तरी गेमचा शेवट एकत्र बघतो. मग रविवारी दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न येत राहतात आणि त्यातले बहुतेक एकाच जातीचे असतात: हाच का निवडलेला, हा का मेला, दुसरं कुणी का नाही गेलं. तीच उत्तरं शंभरदा टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाची इथे लिहून ठेवतोय.

शेवट सगळे फोडलेले आहेत. एखादा गेम खेळायचा राहिला असेल तर त्याचं नाव दिसताच तो प्रश्न सोडून पुढे जा.

१. तारणहार हिरो म्हणजे नेमका कोणता? कुणाला ना कुणाला तर सगळेच हिरो वाचवतात की.

वाचवतात, पण मारिओ राजकन्येला सोडवून आणतो म्हणून त्याला कुणी तारणहार म्हणत नाही. माझ्या हिशेबाने तीन खुणा लागतात. त्याच्या येण्याची लोक आधीपासून वाट बघत असतात. ते काम दुसऱ्या कुणाच्या हातून होणारच नसतं. आणि सगळ्यांच्या वाट्याचं काहीतरी तो एकटा अंगावर घेतो. तिन्ही असतील तर पक्का तारणहार. दोनच असतील तर भांडायला जागा, आणि आमच्याकडची निम्मी भांडणं तिथलीच असतात.

१९८६चा 'ड्रॅगन क्वेस्ट' हा असाच दोन खुणांचा गडी. नायक जुन्या दंतकथेतल्या वीराचा वंशज आहे, काम त्यालाच जमणार आहे, पण अंगावर तो फारसं काही घेत नाही. शेवटी ड्रॅगनलॉर्ड त्याला विचारतो, माझ्या बाजूला ये, अर्धं जग तुझं. हो म्हटलं की खेळ खलास. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराने एकदा तरी हो म्हणून बघितलेलं आहे.

'मसीहा' हा शब्द हिब्रूतून आला. मूळ अर्थ तेल लावून अभिषेक केलेला, म्हणजे राजा. इतक्या गेममध्ये जगाचा त्राता हा हरवलेला राजपुत्र का निघतो, ते यावरून कळावं.

२. मग आपला अवतार आणि हा मसीहा एकच ना? गेममध्ये 'अवतार' हा शब्द तर सगळीकडे असतो.

एक नाहीत. अवतार परत परत येतो. काम झालं की निघून जातो, पुन्हा गडबड झाली की पुन्हा येतो. मसीहाकडे बघताना मात्र लोक शेवटच्या हिशेबाकडे बघत असतात. झेल्डाच्या मालिकेतला नायक लिंक पहिल्या प्रकारातला आहे: १९८६पासून दर युगात नवा लिंक, नवी झेल्डा, जुनाच शत्रू. २०११च्या 'स्कायवर्ड स्वोर्ड'मध्ये त्याचं कारणही दिलंय. मरता मरता खलनायक शाप देतो की माझा द्वेष तुमच्या वंशामागे फिरत राहील. पुराण सांगणाऱ्या कुठल्याही आजीला हे लगेच पटेल.

शब्दाचं म्हणाल तर गेम बनवणाऱ्या रिचर्ड गॅरियटने १९८५च्या 'अल्टिमा ४'साठी तो आपल्याकडूनच उचलला. त्या गेममध्ये शेवटी मारायला कुणी राक्षसच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी बाणवायचे, की तुम्ही अवतार. आंधळ्या दुकानदारीणबाईला पैसे कमी दिले तर गेम ते लक्षात ठेवतो. चाळीस वर्षांपूर्वी हे जमलं होतं आणि आज अजून आपण राक्षसाची हेल्थ बार, म्हणजे उरलेला जीव दाखवणारी पट्टी, किती लांब यावर खूश होतो.

३. गेमवाल्यांना हीच गोष्ट इतकी का आवडते?

कारण ती त्यांना आयती मिळते. गेमच्या जगात खरोखरच एकटा खेळाडू काहीतरी करू शकतो, बाकी सगळे आपापल्या जागी उभे राहून तीच दोन वाक्यं बोलतात. 'फायनल फँटसी ७'मध्ये (१९९७) आकाशात उल्का लटकलेली असते आणि आपण महिनाभर चोकोबो नावाच्या मोठ्या पक्ष्यांच्या शर्यती लावत बसतो. उल्का खाली येत नाही, ती आपल्यासाठी थांबलेली असते. ज्याच्यासाठी अख्खं जग थांबतं, तो निवडलेलाच म्हणायचा!

मरून उठणंही गेममध्ये आधीपासूनच आहे, तीन लाइफच्या काळापासून. 'मास इफेक्ट २' (२०१०) सुरू होतो तोच नायक शेपर्डच्या मृत्यूने. दोन वर्षं खपून त्याला परत उभं करणाऱ्या प्रकल्पाचं नाव लाझरस, त्याबद्दल प्रश्न १३ बघा. तेव्हा लेखकाने वेगळं काही केलं नाही तरी गेम आपोआप तारणहाराच्या कथेकडे घसरतो. थांबवायला मेहनत लागते. ती मेहनत कुणी घेतली, हे बघण्यात मला जास्त रस आहे.

४. भाकीत खरं असतं का, की आपल्याला येडं बनवतात?

चांगल्या गेममध्ये दोन्ही.

'मॉरोविंड' (२००२) घ्या. तुम्ही कैदी म्हणून बोटीतून उतरता आणि हळूहळू कळतं की जुना वीर नेरेवार तुमच्या रूपाने परत आलाय. पण तुम्हाला तिथे पाठवलंय सम्राटाने, आणि का? तर भाकितातल्या बाहेरच्या खुणांशी तुमचं जुळतं. अमुक दिवशी जन्मलेला, आईबाप ठाऊक नसलेला. म्हणजे सरकारी कागदावर बसणारा उमेदवार. पुढे एका गुहेत तुमच्याआधी आलेल्यांची भुतं भेटतात. त्यांनाही वाटलं होतं की आपणच. त्यांच्याही खुणा जुळत होत्या. ते मेले, म्हणून ते खोटे ठरले. तुम्ही टिकलात म्हणून खरे. माझ्या मते भाकितावर गेममध्ये याहून चांगलं कुणी बोललेलं नाही. गंमत म्हणजे कथेला लागणारं महत्त्वाचं पात्र तुमच्या हातून मेलं तर स्क्रीनवर संदेश येतो की भाकिताचा धागा तुटला, जुना सेव्ह (मागे जपून ठेवलेला डाव) लोड करा नाहीतर या बिघडलेल्या जगात राहा. आणि तरीही आडवाटेने गेम संपवता येतो. धागा तुटला तरी काम होतं, मग धागा कशाला होता?

'डार्क सोल्स' (२०११) जास्त कडू आहे. तिथे 'निवडलेला अमर' व्हायला तुम्हाला गोड बोलून तयार केलं जातं. घंटा वाजवा, मग एक म्हातारा साप सांगतो, राजाची जागा घे, आग तेवत ठेव. तेवत ठेवायची म्हणजे स्वतः सरपण व्हायचं, हे तो मोठ्याने सांगत नाही. दुसरा साप उलटं सांगतो, पण तो भेटायलाच वाकडी वाट लागते. पहिल्याचं ऐकलं तर तो दिसतही नाही. २०१६च्या तिसऱ्या भागापर्यंत कळतं की असे किती 'निवडलेले' त्या आगीत गेले. म्हणून भाकीत खरं की खोटं, याआधी ते कोण सांगतंय आणि त्यात त्याचा काय फायदा, हे विचारा. निवडणुकीच्या दिवसांत आपण विचारतो तसं.

५. तारणहार शेवटी मेलाच पाहिजे का? दर वेळी रडवतात.

मेलाच पाहिजे असं नाही, पण काहीतरी किंमत पडली पाहिजे, नाहीतर आधीचं सगळं फुकट वाटतं.

'पर्सोना ३' (२००६) मध्ये किंमत हळू वसूल होते. नायक जगाच्या नाशाला कुलूप लावतो आणि त्या कुलपात स्वतः जातो, पण लगेच नाही. दोस्तांना दिलेल्या शब्दाप्रमाणे शाळेच्या निरोपाच्या दिवसापर्यंत तग धरतो आणि गच्चीवर डोळे मिटतो. त्याला मिळू शकणाऱ्या एका शक्तीचं नावच 'मेसायाह'. मी तो शेवट तिसऱ्यांदा पाहिला तेव्हाही डोळ्यांत धूळ गेली असं सांगितलं.

उलट बाजूला 'क्रोनो ट्रिगर' (१९९५). तिथे मुख्य नायक मध्येच मरतो आणि त्याला परत आणायचं की नाही हे तुमच्यावर. न आणताही गेम संपवता येतो. म्हणजे तारणहार गेला आणि उरलेल्यांनी काम पुरं केलं. सोलापूरकराला हे नवीन वाटू नये. मे १९३०मध्ये या शहराने तीन दिवस इंग्रजांचं राज्य झुगारलं, मग मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. चार माणसं, चार समाजांची. त्यात 'तो एक' कोण, असं आजवर कुणी विचारलेलं नाही. पुतळेही चौघांचे आहेत.

६. 'फॉलआउट ३'चा शेवट! माझ्या सोबत्याला रेडिएशन लागतच नाही, मग मी का मरू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलाय आणि प्रश्न विचारणारे बरोबर आहेत.

२००८च्या मूळ गेममध्ये शेवटी पाणी शुद्ध करणारं यंत्र चालू करायला किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत कुणीतरी जायचं असतं. सोबत फॉक्स उभा असतो. तो म्यूटंट, म्हणजे शरीर बदललेला माणूस, त्याला काही होत नाही. त्याला सांगितलं तर म्हणतो, ही तुझी नियती आहे, मी मध्ये येणार नाही. दोस्त असावा तर असा. बापाने बलिदान दिलं म्हणून मुलानेही द्यायचं, हे लेखकाने आधी ठरवून टाकलेलं होतं आणि गेमच्या नियमांनीच त्याला खोटं पाडलं. लोक इतके चिडले की २००९च्या 'ब्रोकन स्टील' या जोडभागात फॉक्सला पाठवायची सोय झाली आणि तुम्ही स्वतः गेलात तरी दोन आठवड्यांनी शुद्धीवर येता. त्यातही निवेदक टोमणा मारतोच की खरा शूर दुसराच होता.

पण 'ब्रोकन स्टील' मला आवडतो तो वेगळ्याच कारणाने. यंत्र चालू झालं, पाणी शुद्ध झालं, आणि मग प्रश्न येतो ते वाटणार कोण. टँकरसारखे तांडे लुटले जातात, एक जण साधंच दूषित पाणी चांगलं म्हणून विकतो, एक पंथ त्याचं तीर्थ करून टाकतो. उशाला उजनी असून नळाला चार-पाच दिवसांआड पाणी बघत वाढलेल्या आमच्या पोरांना हा भाग समजावून सांगावा लागत नाही. एक जण म्हणाला, "काय बे, धरण भरलं म्हणून पाणी येतं व्हय?"

७. 'मास इफेक्ट ३'वर लोक एवढे का भडकले होते? तीन शेवट होते की.

तीन रंग होते. २०१२ सालची गोष्ट. पाच वर्षं, तीन गेम, शंभरभर तास; कोण जगलं, कोण मेलं, कुणाशी तह केला, सगळे निर्णय तुमचे. आणि शेवटच्या दहा मिनिटांत एक पोरगं येऊन सांगतं, तीनपैकी एक निवड. लाल म्हणजे आकाशगंगा संपवायला आलेल्या यंत्रांचा नाश, निळा म्हणजे त्यांच्यावर ताबा, हिरवा म्हणजे सजीव आणि यंत्र यांचं एकत्रीकरण. मग जवळजवळ तोच व्हिडिओ वेगळ्या रंगात. चाहत्यांनी निषेध म्हणून बायोवेअर कंपनीला चारशेच्या आसपास कपकेक पाठवले: वरून लाल, निळे, हिरवे, आत चव एकच. इतका नेमका समीक्षालेख मी अजून वाचलेला नाही.

लोक म्हणतात राग शेपर्ड मेल्याचा होता. मला पटत नाही. मरण अनेकांनी आधीच गृहीत धरलं होतं. राग होता तो शेवटी अख्ख्या आकाशगंगेला कुणी विचारलंच नाही याचा. हिरवा पर्याय घेतला तर प्रत्येक जिवाचं शरीर आतून बदलतं, झाडाच्या पानापर्यंत. कुणाची परवानगी? लाल घेतला तर ज्या यंत्रमानवांशी तुम्ही मोठ्या मिनतवारीने समेट घडवला तेही जातात. त्यांचा प्रतिनिधी त्या खोलीत नव्हता. तुम्ही ज्यांना गोळा करून आणलं ते सगळे खिडकीबाहेर लढत होते आणि निर्णय एका माणसाच्या बोटावर.

जून २०१२मध्ये कंपनीने 'एक्स्टेंडेड कट' फुकट दिला. त्यात शेवट लांबवले आणि चौथा पर्याय आला: नकार. तिन्ही नाकारले तर या फेरीतले (ती यंत्रं युगायुगाने येऊन सगळं संपवतात) सगळे हरतात, पण शेपर्डची सोबती लियाराने मागे ठेवलेल्या माहितीच्या जोरावर पुढची फेरी जिंकते. आमच्याकडे मतदान घेतलं तेव्हा निम्म्यांनी तोच शेवट उचलून धरला. मी लालवाला आहे. का, ते प्रत्यक्ष भेटल्यावर, चहा तुमच्याकडून.

८. ज्याचा बळी द्यायचा त्याला कुणी विचारतं का?

बहुतेक गेममध्ये नाही, आणि ज्यात हा प्रश्न उघड येतो ते दोन गेम सगळ्यांनी खेळावेत.

'फायनल फँटसी १०' (२००१) मध्ये 'सिन' नावाचं संकट गावंच्या गावं बुडवतं. युना ही तरुण साधक देवळादेवळांतून यात्रा करत निघते. लोक तिच्या पाया पडतात, वाटेत जेवू घालतात, लहान पोरं तिला बघायला धावतात. वारी बघितलेल्या माणसाला ती गर्दी ओळखीची वाटते. मग मध्यावर कळतं की यात्रेच्या शेवटी युना मरणार आहे, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं, एक उपरा टिडस सोडून. म्हणजे ते जेवू घालणंही आता वेगळं दिसायला लागतं. वर कळतं की तिच्या बलिदानाने काही वर्षं शांतता मिळेल, मग सिन परत. धर्मपीठाला तेही ठाऊक आहे. दहा वर्षांपूर्वी तिचा बाप याच वाटेने गेला होता. युना नाही म्हणते. दुःख कायमचं लपवणाऱ्या खोट्या आशेपेक्षा दुसरा मार्ग शोधू म्हणते, आणि शोधतात. त्यातही टिडस नाहीसा होतो. किंमत चुकली नाही. फक्त ती द्यायची रीत धर्मपीठाच्या हातात राहिली नाही.

'द लास्ट ऑफ अस' (२०१३) मध्ये एली रोगाला दाद देत नाही, तिच्या मेंदूतून लस बनू शकते, पण ती जगणार नाही. ती बेशुद्ध आहे. डॉक्टर तिला विचारत नाहीत. तिला सांभाळत तिथवर आणणारा जोएल तिला उचलून घेऊन येतो, वाटेत माणसं मारतो, आणि तोही तिला विचारत नाही. नंतर खोटं सांगतो. गेम तुम्हालाही विचारत नाही, बटण दाबावंच लागतं. दरवेळी कुणीतरी म्हणतं, जोएल बाप म्हणून बरोबर होता. असेलही. दोन्ही बाजू एका मुलीच्या उशाशी भांडत होत्या आणि तिला उठवायचं कुणालाच सुचलं नाही. २०२०च्या दुसऱ्या भागात ती हेच बोलून दाखवते.

९. 'फायनल फँटसी ७'मध्ये खरं जग कुणी वाचवलं, क्लाउडने की एरिथने?

एरिथने. पहिल्या डिस्कच्या शेवटी ती एकटी प्रार्थनेला बसते, तिथेच मारली जाते, आणि अगदी शेवटी उल्का अडते ती तिने सुरू केलेल्या प्रार्थनेमुळे आणि ग्रहाच्या आतून उसळलेल्या प्रवाहामुळे. नायक क्लाउडने वाट मोकळी केली, बस. चाळीस तास तलवार फिरवून आपण दुसऱ्याच्या गोष्टीतले हमाल होतो, हे कळायला मला दहा वर्षं लागली.

१०. मी नाहीच वाचवणार म्हटलं तर? गेम चालू देतो का?

जुने गेम देत नसत. पहिल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये राजकन्येला नाही म्हटलं की ती पुन्हा तेच विचारते, तुम्ही हो म्हणेपर्यंत. लग्नाच्या बैठकीत असतं तसं.

'फार क्राय ४' (२०१४) मध्ये मात्र भारी पळवाट आहे. सुरुवातीला हुकूमशहा पेगन मिन तुम्हाला जेवणाच्या टेबलावर बसवतो आणि सांगतो, इथेच थांब, मी आलोच. कुणीच थांबत नाही. पण खरंच पंधरा मिनिटं नुसतं बसून राहिलं तर तो परत येतो, तुम्हाला तुमच्या आईच्या अस्थी ठेवायच्या जागी घेऊन जातो आणि गेम संपतो. तुम्ही घरून निघाला होतात ते त्याच कामासाठी! जग वाचवायचं कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे एक जण सवयीने फोनवर बोलत बसला आणि त्याला हा शेवट चुकून मिळाला. त्याने पूर्ण तासाचे पैसे दिले, मी निम्मे परत केले.

'डार्क सोल्स'मध्येही शेवटी आग न पेटवता पाठ फिरवून निघून जाता येतं; ती आग कसली, ते प्रश्न ४ मध्ये.

११. 'अंडरटेल'मध्ये सगळ्यांना मारलं. आता चांगला शेवट खेळला तर पाप धुतलं जाईल का?

नाही. २०१५चा हा गेम विसरत नाही. सगळ्यांना मारल्यावर तो तुमच्याकडून आत्मा लिहून घेतो, आणि नंतर कितीही गोड वागून शांततेचा शेवट गाठला तरी अखेरच्या चित्रात काहीतरी बिघडलेलं दिसतं.

पण याच गेममधलं भाकीत बघा. वरच्या जगातून देवदूत येईल आणि पाताळ रिकामं होईल. पाताळात कोंडलेले बहुतेक राक्षस याचा अर्थ सुटका असा घेतात. एक म्हातारा कासव सांगतो की हल्ली काही लोक दुसरा अर्थही लावतात. दोन्ही अर्थ खरे करणं तुमच्या हातात आहे. रिकामं दोन्हीकडे होतं.

१२. 'निअर ऑटोमाटा'च्या शेवटी माझा सेव्ह डिलीट करायला सांगतात. करू का?

मी सांगणार नाही, पण काय होतं ते सांगतो.

२०१७च्या या गेमला इंग्रजी मुळाक्षरांइतके, सव्वीस शेवट आहेत. पाचव्यात श्रेयनामावलीशीच लढावं लागतं. नावं गोळ्या झाडतात. एकट्याने निभत नाही, दहादा मरता. मग विचारतात, मदत हवी? हो म्हटलं की जगभरच्या अनोळखी खेळाडूंची जहाजं तुमच्याभोवती कडं करतात आणि तुमच्यावरच्या गोळ्या झेलतात. एकेक जहाज पडतं तेव्हा लिहून येतं की अमक्याचा डेटा गेला. आणि पार झाल्यावर प्रश्न येतो: तूही असाच कुणाच्या मदतीला जाशील का? जाशील तर तुझे सगळे सेव्ह पुसले जातील, आणि ज्याला मदत होईल तो कदाचित तुला आवडणारही नाही.

प्रश्न ५ ते ८ मध्ये जे नायकांवर बेतलं ते इथे खेळाडूवर येतं. तारलं जाणारे तुम्हीच, तारणारे तुम्हीच, विचारूनच घेतलंय, आणि किंमत तुमच्या खिशातली. आमच्याकडच्या एका पॉलिटेक्निकच्या मुलीने दोन मिनिटं स्क्रीनकडे बघितलं, हो दाबलं, आणि मेनू रिकामा झाल्यावर पाणी प्यायला बाहेर गेली. तिच्या शेजारच्याने नाही दाबलं. त्याचा सेव्ह अजून तीन नंबरच्या मशीनवर आहे. तो कधी उघडत मात्र नाही.

१३. बायबलमधलं काही माहीत नाही, म्हणून अर्धं डोक्यावरून जातं. थोडक्यात काय माहीत हवं?

फार नाही. लाझरस हा येशूने मेल्यावर उठवलेला माणूस. बाप्तिस्मा म्हणजे पाण्यात बुडून नव्याने जन्मणं. 'बायोशॉक इन्फिनिट' (२०१३) अख्खा त्यावर उभा आहे, कारण एकाच माणसाने बाप्तिस्मा घेतला तर तो प्रेषित होतो आणि नाकारला तर कर्जबाजारी नायक बुकर, आणि शेवट त्याच पाण्यात होतो. 'फॉलआउट ३'मधल्या यंत्राचा आकडा २१६ आहे, कारण नायकाच्या आईचं आवडतं वचन 'प्रकटीकरण' या पुस्तकाच्या २१व्या अध्यायातलं सहावं: तहानलेल्याला जीवनाच्या झऱ्याचं पाणी फुकट देईन. एवढं पुरे. बाकी लागेल तसं विचारा.

१४. आपल्याकडचा असा गेम नाही का?

'राजी' आहे, २०२०चा, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. असुरांनी भावाला, गोलूला पळवलंय आणि सर्कशीत वाढलेल्या राजीला देव निवडतात. विष्णू आणि दुर्गा वरून बघत बोलत असतात, ती आता काय करेल याचा अंदाज घेत. तो भाग मला फार आवडला: निवडणाऱ्या देवांनाही खात्री नाही. राजस्थानी महाल, भिंतीवरची चित्रं, सगळं देखणं. शेवट मात्र अचानक तुटतो, याबद्दल येणाऱ्या तक्रारी रास्त आहेत.

१५. एकट्याने जग न वाचवणारे गेम आहेत का?

'डेथ स्ट्रँडिंग' (२०१९). नायक सॅम हा चक्क पार्सलवाला आहे. तुटलेली गावं जोडायची म्हणजे पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढायचा. दुसऱ्या खेळाडूंनी टाकलेली शिडी, बांधलेला पूल तुमच्या नकाशात दिसतो. रस्त्याला सगळ्यांनी मिळून सामान टाकायचं. तुम्ही पूल बांधता आणि पुण्यातला की पेरूतला कुणी तो ओलांडतो.

लोक याला कंटाळवाणा म्हणतात. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसून विचार करा म्हणावं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी गावाला तारलं ते तलाव खोदून, आणि खोदणारे हात अनेकांचे होते. आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीसही १९३८ साली चीनला गेले ते पाच डॉक्टरांच्या पथकातले एक म्हणून. कुणी भाकीत केलं नव्हतं, अर्ज केला होता. बाकीचे परतले, ते राहिले, आणि १९४२मध्ये तिथेच गेले.

१६. सुरुवात कुठून करू? कॉम्प्युटर जुना आहे आणि आई मागे उभी असते.

'अंडरटेल'पासून. कुठल्याही डबड्यावर चालतो आणि आईला चित्रातलं लहान मूल दिसेल. मग 'मॉरोविंड', फक्त वाचायची तयारी ठेवा. 'द लास्ट ऑफ अस' आणि 'फार क्राय' मोठ्यांसाठी आहेत. माझ्याकडे अठराच्या आतल्याला देत नाही, रडू नका. आणि आईने विचारलं तर तिलाच प्रश्न ८ विचारा. एका काकूंनी युनाची गोष्ट ऐकून पोराला जेवायला बोलवायचं विसरल्याचं मला माहीत आहे.

१७. दादा, मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांवर गेम केला तर शेवट काय ठेवाल?

हा प्रश्न एकच जण पाठवतो, पण दर महिन्याला, म्हणून वारंवारमध्ये धरला.

कथा सगळ्यांना ठाऊक आहे: दुष्काळ, बादशहाची भरलेली कोठारं, दामाजी ती लोकांना उघडून देतात, बिदरहून अटकेचा हुकूम येतो. आणि विठ्ठल विठू महार होऊन दरबारात जातो, धान्याचे पैसे मोजतो, पावती घेतो. बहुतेक जण गेम करतील तो दामाजींचा, शेवटी कोठाराचं दार उघडण्याचा. मी तिथून सुरू करेन. पहिल्या पाच मिनिटांत दार उघडलेलं, लोक धान्य घेऊन गेलेले. पुढचा सगळा गेम विठूचा: खांद्यावर घोंगडी, डोक्यावर पैशाची थैली, मंगळवेढा ते बिदर पायी. वाटेत ज्याच्या घरी धान्य पोचलं तो कुणी ओळखत नाही, सावलीही अंगावर पडू देत नाही, पाणी वरून ओततात. मारामारी एकही नाही. दरबारात थैली रिकामी करायची, मोजणी पूर्ण होईपर्यंत उभं राहायचं.

मग दामाजी आपली गीतेची पोथी उघडतात आणि आत पावती सापडते. रक्कम पूर्ण भरलेली, भरणाराचं नाव विठू. तेवढ्यावर स्क्रीन थांबवायची आणि कंट्रोलर चालू ठेवायचा, म्हणजे बटण दाबून बघतील अजून काही आहे का.